किरणच्या नावाचं गाऱ्हाणं

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

सीओ साहेबांनी आज मला थर्मामीटर करून टाकलं!

आरती आटोपून मंदिराच्या तंबूत समया पुसत होतो, तोच बोलावणं आलं. साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, नकाशावर वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "पंडितजी, बी कंपनी का मनोबल कैसा है?" मी म्हटलं, चांगलं आहे साहेब. पलटणीत या प्रश्नाला हेच उत्तर द्यायचं असतं. रस्त्यात कुणी 'कसं काय' म्हटलं की आपण 'बरं आहे' म्हणतो, तसं. साहेबांनी मान वर केली. "ये तो सब बोलते हैं. आप पता करके बताइए."

पत्ता काढायचा म्हणजे काय करायचं? मी पलटणीचा धर्मगुरू. अंगावर वर्दी, खांद्यावर नायब सुभेदाराची पट्टी, पण हातात रायफल नाही, घंटा! पूजा, आरती, पोरांच्या घरच्या अडीअडचणी ऐकणं आणि वेळ आली तर शेवटचं पाणी, हे माझं काम. शेवटचं पाणी गेल्या महिन्याच्या अखेरीसच दिलं – किरणला. चंदगडकडचा पोरगा, लग्न ठरलेलं. सुप्याच्या धरणाच्या फुगवट्यात दोर धरून पलीकडे जायचा सराव चालला होता. दोर हातातून सुटला आणि पोरगा गेला. चौकशी झाली, कागदावर 'अपघात' आलं.

तेव्हापासून बी कंपनी गप्प आहे. हा कॅम्प उठला की कंपनी सरहद्दीवर जायची. अशी गप्प माणसं घेऊन सरहद्दीवर कोण जाईल? साहेबांना घाई आहे ती त्यामुळे.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर नुसता हिंडलो, डिटेक्टिव्हसारखा. जोयड्याच्या डोंगरात, गुंद गावाच्या अलीकडच्या या माळावर तंबू ठोकलेत. चारी बाजूंना रान. खाली भातं कापायला आलीत, गावची माणसं वाकून कामाला लागलीत आणि वर आमची पोरं त्यांच्याकडे बघत बसलीत. त्यांची घरची शेतंही आत्ता अशीच असणार.

लंगरात बसलो. ताटं स्वच्छ. कुणी काही टाकत नाही. हे चांगलं लक्षण म्हणून कुणी लिहून घेईल, मला मात्र भीती वाटली. धडधाकट कंपनी जेवताना कुरकुरते. "डाळीत डाळ शोधायला गस्त पाठवा रे!" हे किरणचंच वाक्य. आचारी पळी घेऊन त्याच्या मागे धावायचा. आज डाळ पाण्यासारखी होती आणि सगळे मुकाट्याने प्याले.

व्हॉलीबॉल चालू होता. चेंडू पडला की जवळचा माणूस जाऊन उचलतो. शिवी नाही, चिडवणं नाही, 'आउट होता' म्हणून भांडण नाही. शाळेतली गुणी पोरं खेळतात तसा खेळ. बघवेना.

दुपारी सैनिक संमेलन, म्हणजे जवानांनी अडचणी मांडायची सभा. मेजर साहेबांनी – बी कंपनीचे कमांडर – विचारलं, "कोई पॉइंट?" एका आवाजात, "नो पॉइंट साब!" मेजर साहेब खूश. बाहेर आल्यावर सुभेदार उमाजी माझ्या कानाशी लागला. कंपनीतला सगळ्यात जुना माणूस, खानापूरकडचा, माझा रंगरूटपणापासूनचा दोस्त. म्हणाला, "पॉइंट न्हाई म्हंजे मनोबल चांगलं. असं लिवून जातंय वर." हसला नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठ्या कार्यालयातून मानसशास्त्राच्या डॉक्टर आल्या. डॉ. श्वेता. तरुण बाई, शहाणी, आवाज मऊ. प्रत्येकाला छापील प्रश्न वाटले – वाक्यापुढे पाच गोल, पटलं तर पहिला, अजिबात नाही पटलं तर शेवटचा. नाव लिहायचं नाही. मनात येईल ते करा म्हणाल्या आणि चहाला गेल्या. त्या वळल्या नाहीत तोच हवालदाराने फर्मान काढलं – "सगळ्यांनी पहिला गोल! कोण शहाणपणा करंल तर बघतो!"

संध्याकाळी बाईंनी मला कागद दाखवले. माझा माझ्या वरिष्ठांवर विश्वास आहे – पूर्ण सहमत, अख्खी कंपनी. मला माझ्या कामाचा अभिमान आहे – पूर्ण सहमत. मला रात्री झोप लागत नाही – पूर्ण सहमत! मला जगावंसं वाटत नाही – पूर्ण सहमत, अख्खी कंपनी!

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे सगळं वाया गेलं, पंडितजी." मी हसलो. तंबूत आल्यावर हसू गेलं. झोपेचं तरी खोटं नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी घेऊन रामनगरला घरी. पलटण घरापासून इतक्या जवळ येऊन राहिली, असं नोकरीत पहिल्यांदाच झालंय. आणि आता निवृत्तीला वर्ष उरलं! भाग्यलक्ष्मीने नाचणीची आंबील पुढ्यात ठेवली आणि साहेबांनी काय काम दिलंय ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अवो, बायकोच्या पोटात काय चाललंय ते तुम्हाला कवा कळलं न्हाई, एवढ्या पोरांचं काय कळणार?"

बोलण्यात तिला कोण हरवणार! पण पुढे ती जे बोलली ते मात्र डोक्यात राहिलं. "मामंजींना बरं कळायचं. गाऱ्हाणं घालताना."

खरंच की. आमचा बाप गावचा गुरव. जत्रेला, पेरणीला, कुणाची गाय हरवली तरी देवळापुढे नारळ धरून उभा राहायचा आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगायचा. एकेक दुखणं मोठ्याने घ्यायचं, आणि जमलेल्यांनी म्हणायचं – व्हय म्हाराजा! कुठल्या वाक्याला आवाज चढला आणि कुठल्याला पडला, त्यावरून बाबांना गावात काय शिजतंय ते कळायचं. पाटलाने पाट अडवला होता ते असंच कळलं. समोर कुणी बोललं नव्हतं, देवापुढे सगळे बोलले. कारण देवापुढे माणूस तक्रार करत नाही, नुसता होकार देतो.

आणि फौजेत नेमकी हीच अडचण आहे! एकट्याने तक्रार करायला मुभा आहे, पण एकटा कोण करतो? चौघांनी मिळून केली तर ती एकत्र तक्रार – बंडाची पहिली पायरी. पण गाऱ्हाण्याला बंड कोण म्हणेल? माझी निम्मी पोरं चंदगड, खानापूर, सावंतवाडीकडची. त्यांना शिकवायचीसुद्धा गरज नाही.

परतीच्या बसमध्ये मी एकटाच हसत होतो. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. कार्तिकी एकादशी.

जमलं! जमलं!

मंदिर परेड. आरती झाली. मी नारळ हातात धरला आणि चप्पल काढून बाहेर मातीवर आलो. पोरं चुळबुळली. मी बाबांसारखा सूर लावला –

"बा देवा म्हाराजा! ह्या रानात, ह्या माळावर तुझी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झाली हायत..."

पहिल्यांदा दोघं-तिघं, दबकत. "व्हय म्हाराजा."

"घरदार, शेतंभातं सोडून आलेली हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या पानात जी डाळ पडतीय, तिला तळ दिसतोय..."

खसखस पिकली! किती दिवसांनी! आणि मग असा होकार आला की आचारी पळी घेऊन बाहेर आला. मग मी मुद्दाम एक खोटं सोडलं – पिण्याच्या पाण्याला वास येतो म्हणून. इथल्या झऱ्याचं पाणी म्हणजे अमृत. दोन-तीन जण पुटपुटले, बाकीचे एकमेकांकडे पाहत राहिले. म्हणजे काटा बरोबर हलतोय! मग सुट्टीचे अर्ज टेबलावर पडून राहतात ते सांगितलं. दणदणीत आवाज आला. शेवटी सगळी इडापिडा दूर कर म्हणून नारळ फोडला.

सीओ साहेबांना तासाभरात जाऊन सांगितलं. डाळ, अर्ज आणि बूट. (बुटांच्या वाक्यालाही आवाज चढला होता. सगळ्यांचे बूट ओले.) साहेब खुर्चीवरून उठून हात मिळवायला आले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीचं लग्न लावलं, उसाच्या मांडवात. डाळ घट्ट! साहेब शब्दाचे पक्के.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टीचे अर्ज सुटले. पोरं मला पाहून हसतात. उमाजी म्हणतो, "तुमचा देव सीओ साबांच्या तंबूत ऱ्हातोय वाटतं!" म्हणजे त्यांना कळलंय की माझ्या कानातून साहेबांच्या कानात जातं. आणि तरी बोलतात. विश्वास आहे म्हणूनच ना?

पण किरणचं नाव अजून कुणी घेत नाही. डाळीवर बोलणं सोपं. मी उमाजीला म्हटलं, पुढच्या मंगळवारी ते काढू का? एकदम तोंड उतरलं त्याचं. "त्या इषयाला हात घालू नका, पंडितजी."

मी काय लहान आहे?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

आज मी ते काढलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. शब्द माझे. डाळ, बूट सगळं संपलं आणि मी म्हटलं –

"बा म्हाराजा! तुझं एक लेकरू, किरण, अंगात ताप घेऊन पाण्यात उतरलं. ते उतराय नको व्हतं, म्हाराजा..."

त्याला ताप होता हे मला माहीत आहे. आदल्या संध्याकाळी तो अंगारा लावून घ्यायला आला होता, कपाळाला बोट लावलं तर चटका बसला. चौकशीत मला कुणी बोलावलं नाही.

सगळा माळ गप्प. मला वाटलं, चुकलं. नारळ खाली ठेवणार होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला – फाटलेला, ओला – "व्हय म्हाराजा!" नागेश. किरणचा जोडीदार. फौजेत बडी म्हणतात: एकाच तंबूत झोपणारा, दोराचं दुसरं टोक धरणारा. त्या दिवशीही ते टोक त्याच्याच हातात होतं.

आणि मग सगळी कंपनी. पुन्हा पुन्हा. मी पुढचं वाक्य बोललोच नाही तरी म्हणत राहिले. रडत होते. युद्धाची आरोळीसुद्धा एवढ्या जोरात मी कधी ऐकलेली नाही. हवालदार – तोच, पहिला गोलवाला – तोंड हातात धरून उकिडवा बसला होता.

मग जेवायला गेले आणि लंगरात गोंधळ! कुणीतरी आचाऱ्याला शिवी दिली. व्हॉलीबॉलवर भांडण झालं. मला इतकं बरं वाटलं की तंबूत येऊन मीही रडून घेतलं. कंपनी जिवंत आहे. हेच तर साहेबांना हवं होतं!

२० नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी त्यांच्या तंबूत बोलावून घेतलं. आवाज त्यांनी तिथूनच ऐकला होता. गंभीर होते, पण रागावले नव्हते. तापाची गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. म्हणाले, चौकशी परत व्हायला पाहिजे, मी वर लिहितो. मग म्हणाले, "पंडितजी, पहला आवाज़ किसका था? वही इस कंपनी का असली लीडर है. मुझे उससे मिलना है."

नागेशचा, म्हटलं. एवढ्या माणसांतून मी आवाज ओळखतो, याचं साहेबांना कौतुक वाटलं. मलाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नागेश आला होता. जोयड्याच्याच डोंगरातला पोरगा, अणशीच्या बाजूचा. घरी भातशेती आणि जंगलखात्याची मजुरी. उंबरठा नसलेल्या तंबूतही उंबरठ्यावर थांबल्यासारखा उभा राहिला.

"पंडितजी, किरणचा म्हैना कवा भरतोय?"

पंचांग काढून तिथी सांगितली. म्हटलं, त्याच्या घरी करतील ते सगळं. तो म्हणाला, "घरी करतीलच. हितं बी कायतरी करूया म्हणून इचारलं. त्याला हितलं पाणी लागलंय नव्हं."

करू म्हटलं. मग विचारलं, झोप लागते का? "कवा कवा." जेवतोस का? "डाळ घट्ट हाय आता." थोडा हसला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, काही बोलायचं असल्यासारखा. मग वाकून पाया पडला आणि गेला. भला पोरगा. साहेब त्याला भेटले की त्याचं मन हलकं होईल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

नागेशला धरलं.

सकाळच्या परेडमध्ये त्याचा पट्टा आणि टोपी काढून घेतली, सगळ्यांसमोर, आणि गाडीत घालून बेळगावला नेलं. आरोप – देवपूजेच्या आडून कंपनीला एकत्र तक्रारीला चिथावलं. पोरं दगडासारखी उभी. मी मंदिराच्या दारात, हातात फुलांची परडी.

सीओ साहेबांकडे धावत गेलो. साहेबांचा चेहरा पडलेला. खाली बघून बोलले. चौकशी परत करावी म्हणून वर लिहिलं होतं, त्यात नागेशचं नाव घातलं होतं, तो साक्षीदार म्हणून उपयोगी पडेल असं. वरच्यांनी चौकशीचं बाजूला ठेवलं आणि नाव उचललं. आता कायद्याचं काम कायदा करणार. "मेरे हाथ में नहीं रहा, पंडितजी."

नाव मी दिलं. साहेबांनी नाही, मेजर साहेबांनी नाही. मी, माझ्या या शहाण्या कानांनी.

२४ नोव्हेंबर, रविवार

घरी गेलो नाही. उमाजी आला, ओढ्यापर्यंत चला म्हणाला. खडकावर बसलो. त्याने चिखलात एक खडा टाकला. मग बोलला.

"किरणला म्याच परत धाडलं."

मी त्याच्याकडे वळलो.

"सकाळी आला व्हता, ताप हाय, सिक रिपोर्ट करतो म्हणून. मेजर साब आदल्या दिवशीच बोलले व्हते. बी कंपनीत आजारी लई दिसत्यात. आजारी जास्त म्हंजे मनोबल कमी, असं वर धरत्यात. चारी कंपन्यांचा आकडा एका कागदावर लागतोय, आपला खाली ऱ्हाया नगं. म्हणून म्या किरणला म्हटलं, लेका, एवढ्यातेवढ्यानं काय व्हतंय? दोरावरनं जाऊन ये, मग गोळी घे." हात झटकले. "कवा न्हवं ते त्या दिवशी आकडा बरोबर आला, पंडितजी. आजारी कोण न्हाई."

चौकशीत सांगितलंस का, विचारलं. नाही म्हणून मान हलवली. पोरीचं लग्न, नोकरी, मेजर साहेब... मी त्याला काय म्हणणार? मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघे एकाच खडकावर बसलो होतो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मंदिर परेड. सगळे हजर, स्वच्छ वर्दी. मी नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा..."

कुणी बोललं नाही.

डाळीचं काढलं. नाही. बुटांचं काढलं. नाही. पोरं समोर पाहत होती, माझ्या डोक्यावरून, देवाच्याही डोक्यावरून. मग मी घाबरून काहीबाही बोलत सुटलो, सगळ्यांना सुखी ठेव, सगळ्यांना बरकत दे – त्यालासुद्धा होकार नाही! बाबांच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं. गाव भांडायचं, पण देवापुढे गप्प कधी राहिलं नाही. शेवटी मी एकट्यानेच 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि नारळ फोडला.

प्रसाद घेतला सगळ्यांनी. रांगेने. शिस्तीत.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बी कंपनीचा आठवड्याचा अहवाल वर गेला. आजारी – कोणी नाही. तक्रार – नाही. मनोबल – उत्कृष्ट.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस हेच चाललंय. एकच गोष्ट फिरून फिरून येते. चिथावणी कुणी दिली, एवढाच प्रश्न आहे ना? मग ती मी दिली. शब्द माझे. नारळ माझ्या हातात. नागेशने नुसता होकार दिला, तोही देवाला. हे एक वाक्य मी कायद्यापुढे बोललो की पोरगा सुटतो. इतकं सोपं आहे.

आणि मग माझं काय? वर्दी जाईल. एवढ्या वर्षांची चाकरी, आणि शेवटी 'याने देवळात बंड शिकवलं' असा शेरा. आमच्या गल्लीत मला पंडितजी म्हणतात. लेक पूर्णिमा कॉलेजात सांगते, माझे बाबा फौजेत धर्मगुरू आहेत. मी भित्रा आहे. इथे लिहायला काय हरकत आहे? हे पान कुणी वाचणार नाही. मी भित्रा आहे आणि गेले चार दिवस कुणीतरी मला बोलावून विचारेल, मग सांगेन, अशी वाट पाहतोय. कुणी विचारत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

टेकडीवर चढलो, तिथे फोनला एक दांडी मिळते. भाग्यलक्ष्मीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. 

मग म्हणाली, "त्या पोराला आई हाय?"

आहे.

"मग मला काय इचारताय?"

ठेवला फोन. सोमवारी जातो. ठरलं.

२ डिसेंबर, सोमवार

गेलो. कडक इस्त्री, पदकं लावून. सीओ साहेबांसमोर ताठ उभा राहिलो आणि बोललो – साहेब, एकोणीस तारखेचे शब्द माझे होते. मी म्हटलं, तेव्हा पोरांनी होकार दिला. चिथावणी असेल तर ती माझी. जबाब लिहून घ्या.

साहेब उठले, तंबूचा पडदा ओढला. खुर्ची दिली. मी बसलो नाही.

म्हणाले, उशीर झाला. शुक्रवारी नागेशने कबुली दिली. शब्द माझेच, पंडितजींना मीच सांगितलं होतं, त्यांना ठाऊकही नव्हतं की मी कशासाठी सांगतोय, ते आपले देवाचं समजून बोलले – असं लिहून सही केली. शनिवारी निकाल. कैद, आणि त्यानंतर नोकरीतून कमी.

मी ओरडलो. साहेब, खोटं आहे हे! त्याने मला काही सांगितलं नव्हतं! साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आप भले आदमी हैं. लड़के को बचाना चाहते हैं, मैं समझता हूँ."

विश्वासच ठेवला नाही! आयुष्यात पहिल्यांदा जिवावर उदार होऊन खरं बोललो, तर साहेबांना ती माझी दया वाटली! मी शपथ घेतली. देवाची घेतली. ते मान हलवत राहिले. निघताना म्हणाले, तुमची ती गाऱ्हाण्याची पद्धत फार चांगली होती, बाकीच्या कंपन्यांतही सुरू करायचा विचार आहे.

मी सलाम केला आणि बाहेर येऊन पदकं काढून खिशात टाकली.

३ डिसेंबर, मंगळवार

उमाजी बेळगावहून आला. नागेशला सामान द्यायला गेला होता. मी विचारलं, त्याने असं का केलं? माझ्यासाठी का?

"म्या बी त्येच इचारलं. म्हणाला, किरणचं नाव देवापुढं घेतलं ते एकट्या पंडितजींनी. दुसऱ्या कुणी घेतलं? त्यांचं एक वरीस ऱ्हायलंय, त्यांना सुखानं घरी जाऊ द्या."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, उमाजी, त्याला माहीत नाही रे. त्याचं नाव साहेबांना मीच दिलं, हे माहीत असतं तर त्याने...

उमाजीने मला मध्येच थांबवलं.

"त्या दिवशी साबांच्या तंबूवर पहारा त्याचाच व्हता, पंडितजी. तुम्ही नाव घेतलं ते त्यानं आपल्या कानानं ऐकलंय."